सगुणच्या ट्रकावरची ताडपत्री

मित्रांनो, ताडपत्रीला तिची हकिगत कुणी विचारत नाही. तिच्याखाली काय झाकले आहे, एवढेच लोक विचारतात. माझ्याखाली बारा वर्षे डिचोलीच्या खाणीतली तांबडी माती होती. मग काही वर्षे काहीच नव्हते. आणि त्यानंतर एक मुलगी होती. तिच्याबद्दल मला आज तुम्हाला सांगायचे आहे, कारण सांगायला आता फार दिवस उरलेले नाहीत.

माझा जन्म डिचोलीच्या बाजारातला. जाड सुती कापडाच्या पट्ट्या जोडून, त्यांना मेण आणि तेल चोळून, कडेने पितळी कड्या ठोकून बाबाजी नावाच्या शिलाईवाल्याने मला तयार केले. नार्वे गावच्या सगुण घाडीने नवा ट्रक घेतला, त्याच आठवड्यात त्याने मलाही घेतले. खाणीवर माती भरायची, माझ्या दोऱ्या आवळायच्या आणि नदीच्या धक्क्यावर बार्जीत, म्हणजे सपाट मालवाहू बोटीत, माती ओतून परत यायचे, अशा दिवसाला सहा-सात खेपा होत. पुढच्या ट्रकाची धूळ माझ्यावर आणि माझी धूळ मागच्या ट्रकावर. रस्त्याकडेची झाडेसुद्धा तेव्हा तांबडी दिसत.

पण दर रविवारी सगुण मला नदीवर नेई. खडकावर पसरून, नारळाच्या काथ्याने घासून, बालदीवर बालदी पाणी ओतून धुई. बाकीचे ट्रकवाले त्याला हसत. "उद्या परत माती भरूची ना रे? मगे धुतंस कित्याक?" तो म्हणे, "उद्याचा उद्या. आज रविवार."

त्याची मुलगी तनया तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. शनिवारी संध्याकाळी ट्रक अंगणात आला की ती चाकावरून वर चढे आणि माझ्यावरच्या धुळीत बोटाने चित्रे काढी. बार्जी, म्हशी, आईची वेणी. रविवारी ती सगळी धुऊन जात. तिला त्याचे वाईट वाटत नसे. धूळ पुन्हा येणारच होती.

मग एके वर्षी खाणी थांबल्या. मध्ये थोड्या चालल्या आणि पुन्हा थांबल्या. सगुणचा ट्रक घरामागे उभा राहिला तो कायमचाच. चाकांत गवत वाढले. मला त्याने ट्रकावरून उतरवले आणि मागच्या खोपीत ठेवले. शेवटच्या खेपेची धूळ माझ्या अंगावर तशीच राहिली. त्या रविवारी तो मला नदीवर घेऊन गेला नाही. पुढे कुठल्याच रविवारी गेला नाही. तो शाळेची मिनीबस चालवू लागला आणि त्याची बायको सुमंगला काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.

तनया पणजीच्या कला महाविद्यालयात शिकली. पाच वर्षे ती पहाटेच्या बसने जाई आणि दिवेलागणीला घरी येई. चित्रे चांगली काढी. माणसांचे चेहरे तर असे काढी की पोदेर पाव द्यायला येई तो सायकल टेकवून बघत उभा राही. शेवटी तिला जर्मनीतल्या एका कलाशाळेत प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली. अख्ख्या नार्व्यात पेढे वाटले गेले.

जायच्या आदल्या दिवशी सगुण खोपीत आला. त्याने मला उलगडले, मधोमध कापले आणि उंदरांनी न कुरतडलेला अर्धा भाग उचलून तनयाच्या पुढ्यात ठेवला.

"ही घेऊन जा गो बाय," तो म्हणाला. "धा टन माती सोसली हिणें. तुझे रंग काय हिका जड जावचे नाय."

"बाबा, थंय कापड गावता."

"गावता ता गावांदी. ही घरची."

मोपाच्या विमानतळावर त्याने स्वतः माझी गुंडाळी गाडीतून उतरवली. दारापाशी शिपायाने थांबवले तेव्हा काचेतून तनया दिसेनाशी होईपर्यंत तो हात वर करून उभा होता, असे तिनेच नंतर फोनवर आईला सांगितले.

जर्मनीतले तिचे शहर कोळशाच्या पट्ट्यातले. तिथल्या खाणीही बंद पडलेल्या. मार्था नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात चौथ्या मजल्यावर तनयाने खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात तिने मला शाळेतल्या तिच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकले, रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा डबा उघडला आणि कुंचला बुडवला. नदीकाठचे शेत आणि त्यात तिचे आईबाबा, असे मोठे चित्र तिच्या डोक्यात होते.

तेवढ्यात तिच्या प्राध्यापक बाई आत आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्या माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी तनयाचे मनगट धरले.

"थांब. हिला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "हे तयारच आहे."

त्यांनी बाकीच्या मुलांना बोलावले. माझ्यावरचे तांबडे थर, ग्रीसचे डाग, दोऱ्यांचे वळ, बाबाजीने घातलेली ठिगळे, सगळे त्यांनी बोटाने दाखवले. हवेत बोट ठेवून, मला न शिवता. मित्रांनो, मी कबूल करते, मला ते फार आवडले. इतक्या मायेने माझ्याकडे कधी कुणी पाहिले नव्हते. तनया बाजूला कुंचला धरून उभी होती आणि कुंचल्यावरचा पांढरा रंग फरशीवर गळत होता. तिच्याकडे कुणी पाहत नव्हते. मीही पाहिले नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरेच तसे वाटत होते. पण तेव्हापासून तनयाने काहीही दाखवले की त्या दोन मिनिटे बघत, मान हलवत आणि म्हणत, "छान हात आहे तुझा. पण तुझ्या देशातले ते कापड जे सांगते, ते हे चेहरे सांगत नाहीत." तनयाने पेन्सिल सोडून कोळसा घेतला, कोळसा सोडून तैलरंग घेतले. चेहरे मोठे केले, मग लहान केले, मग मोडून-तोडून काढले. दर वेळी बाईंची नजर तिच्या कामावरून उठून माझ्यावर येऊन बसे.

नाताळपर्यंत तिचा हात थांबला. म्हणजे हाताला काही झाले नव्हते. एका उपाहारगृहात ती त्याच हाताने तासन् तास भांडी घासत होती. पण कागदासमोर बसली की तिला पहिली रेघ कुठे मारावी ते कळत नसे. ती रेघ मारी, पुसे, मारी, पुसे. शेवटी कागदाला भोक पडे. थंडी वाढली तेव्हा तिने मला शाळेतून खोलीवर आणले आणि रजईवर पांघरू लागली. सकाळी उठली की तिच्या गालाला तांबडी धूळ लागलेली असे. ती कितीतरी वेळ उठत नसे. जेवायची आठवण तिला राहत नसे. मार्थाबाई दाराशी सूपाचे भांडे ठेवून जात आणि संध्याकाळी ते तसेच परत नेत.

रविवारी घरून फोन येई.

"काय काढतंस आता? दाखय मगे," सगुण म्हणे.

तनया पणजीच्या दिवसांतली जुनी चित्रे फोनवर दाखवी. हे नवे, म्हणून सांगे. सगुण एकेक निरखून बघे. "बरां आसा," म्हणे. एकदा म्हणाला, "ह्या माका आधी बघल्यासारख्या वाटता." तनया म्हणाली, "तसलाच दुसरा आसा, बाबा." फोन ठेवल्यावर तिने तोंडावर माझी कड ओढून घेतली आणि ती आतल्या आत अशी रडली की माझी शिवण ओली झाली.

जुलैत शाळेचे वार्षिक प्रदर्शन होते. त्यात काही मांडले नाही तर वर्ष वाया जाणार होते आणि तनयाकडे मांडायला काहीच नव्हते. तिने मला खांद्यावर टाकले, शाळेत नेले आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर जशीच्या तशी लटकवले. खाली पाटीवर सगुणच्या ट्रकाचा नंबर लिहिला. एवढेच केले.

लोक आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. एका वर्तमानपत्राने माझा फोटो छापला. एका कलादालनाने मला कायमचे ठेवून घेण्याविषयी विचारले. प्राध्यापक बाईंनी तिचा पहिला नंबर जाहीर केला आणि तनयाला सगळ्यांसमोर मिठी मारली. कितीतरी महिन्यांनी ती हसली आणि तिने तिथूनच घरी फोन लावला.

"बाबा, हे बघा! तुमची ताडपत्री!"

फोनच्या काचेत सगुणचा चेहरा होता. तो पुढे वाकून बराच वेळ बघत राहिला. मग खोकत म्हणाला, "धुवूक नाय ती?"

"बाबा?"

"लोकांक दाखवची हुती तर धुवन तरी लावची हुती गो. इतकी माणसां बघतत. काय म्हणतली?"

"त्यांका ती अशीच आवडता, बाबा. माझा पयला नंबर इलो."

"बरा झाला," तो म्हणाला. नंतर भाबडेपणाने, कुठलाही टोमणा न मारता, त्याने विचारले, "आणि ह्येच्यार तुझा चित्र खंय?"

"ह्याच चित्र, बाबा."

"ही माझी ताडपत्री. तुझा काय ह्येच्यात?"

तनयाने फोन उलटा करून छातीशी धरला. मागे लोक टाळ्या वाजवत होते. सगुणला वाटले फोन बिघडला. "हॅलो, हॅलो" करत त्याने तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडण्याआधी तनयाने मला भिंतीवरून काढले. दारावरचा माणूस तिच्या मागे धावला, पण ती थांबली नाही. मार्थाबाईंच्या न्हाणीघरातल्या टबात तिने मला कोंबले, कढत पाणी सोडले, साबण ओतला आणि गुडघ्यांवर बसून ती मला घासू लागली. पाणी लालभडक झाले. आवाज ऐकून आलेल्या मार्थाबाई ते पाणी पाहून किंचाळल्याच. त्यांना वाटले, मुलीने स्वतःला काहीतरी करून घेतले.

"माती आहे," तनया हुंदके देत म्हणाली. "वडिलांच्या ट्रकाची माती आहे."

मार्थाबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. मग त्या आत गेल्या आणि एक खरखरीत ब्रश घेऊन आल्या. "माझा नवरा कोळशाच्या खाणीत होता," त्या म्हणाल्या. "त्याचे कपडे तीस वर्षे धुतले मी. तीन पाण्यांखेरीज निघत नाही." त्या तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या.

तीन पाण्यांत भागले नाही, सात लागली. मेणही गेले. मी सुकले तेव्हा माझा मूळचा मळखाऊ रंग मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

प्राध्यापक बाईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे जे एकच होते, ते तू धुऊन टाकलेस." शाळेने तनयाला फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. तोवर तिने स्वतःचे काम दाखवायचे, नाहीतर वर्ष पुन्हा करायचे.

तिने मला कापले. चार हातांचा तुकडा लाकडी चौकटीवर ताणला, त्यावर पांढरे अस्तर दिले. उरलेला भाग मार्थाबाईंनी हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यांवर घातला. मी आता या तुकड्यापुरतीच उरले आहे. त्यावर तनयाने शेत काढले आणि खरवडले. नदी काढली, खरवडली. ऑक्टोबर असाच गेला. आणि मग सुमंगलाचा फोन आला की सगुणला इस्पितळात ठेवले आहे. फुप्फुसे थकली आहेत. त्याच धुळीने, असे कुणी म्हणाले, कुणी म्हणाले विड्यांनी.

"मी येतंय," तनया म्हणाली.

सगुणनेच फोन हिसकावून घेतला. "येवच्या आधी माका तुझा चित्र दाखय," तो म्हणाला. "नव्या. पणजेचा नको."

त्याला पहिल्यापासून सगळे ठाऊक होते, मित्रांनो.

तनयाने चौकट समोर ओढली. मग म्हणाली, "बाबा, माझ्यासमोर बसशात? मी तुमका काढतंय."

तेव्हापासून रोज गोव्यात दुपारचे चार वाजले की सुमंगला फोन धरून खाटेशेजारी उभी राही, आणि तिकडे जर्मनीत सकाळच्या करड्या उजेडात तनया माझ्यावर रंग लावी. पहिले चार दिवस ती काढी आणि खरवडी. पाचव्या दिवशी रेघ सापडली.

"नाक व्हडला काढू नको हां," सगुण म्हणे.

"आसा तेवढाच काढतंय."

कधी म्हणे, "आज बसाक नाय जमणा. पडान चलात?"

"चलात, बाबा."

"कितको झालो?"

"अर्धो झालो."

"सावकाश कर. माका आता खंय खेप मारूची आसा?"

चेहरा हळूहळू वर येत होता. खोल गेलेले डोळे, भुवईवरचा जुना व्रण, खोकला दाबताना ओठाला पडणारी मुरड. तो दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा बारीक होत होता, आणि तनयाला ठरवता येत नव्हते की कालचा गाल ठेवावा की आजचा काढावा. ती कालचाच ठेवी. ओंजळीत पाणी धरून बसल्यासारखी ती माझ्यासमोर बसे. फोनच्या काचेत फक्त चेहरा मावे. हात कायम चादरीखाली, सुया टोचलेले. "हात मागीर," म्हणजे नंतर, असे सगुणच म्हणाला होता.

जानेवारीतल्या एका मंगळवारी गोव्यातले चार वाजले आणि फोन आला नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. तनया रंगात भिजवलेला कुंचला धरून बसून राहिली. पाच वाजता काचेत सुमंगला दिसली. मागे खाट रिकामी होती.

"गेले गो," एवढेच ती बोलली.

तनया विमानाचे बघते म्हणाली, तेव्हा सुमंगला म्हणाली, "तुझो चुलतभाव विशाल अग्नी देतलो. आजच. आता धावत येवन कोणाक बघतलंस? हाती घेतलेला पुरा कर."

पण ते पुरे झाले नाही. फेब्रुवारीत तिने मला तसेच परीक्षकांसमोर ठेवले. चेहरा, गळा, खांदे, आणि खाली नुसते पांढरे अस्तर. एकाने विचारले, "हात कुठे आहेत?" तनया म्हणाली, "मला दिसले नाहीत." ते आपसात बराच वेळ बोलले. चित्र अपुरे ठरले. वर्ष पुन्हा करायला सांगितले. प्राध्यापक बाई जाताना मागे वळून उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या कुणाला काही दाखवत नव्हत्या, नुसत्या सगुणकडे बघत होत्या.

मार्चमध्ये तनयाने मला चौकटीवरून सोडवले, नळकांड्यात गुंडाळले आणि ती घरी आली. सुमंगलाने मला ओटीवर भिंतीला लावून घेतले. ती खुर्ची ओढून समोर बसली. तोंडाला पदर लावून तिने सगळा चेहरा पाहिला. नंतर तिची नजर खाली उतरली.

"हात खंय ह्येंचे?"

"फोनात दिसले नाय, आई. आता खंयसून काढू?"

सुमंगलाने पदर खोचला, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजवा वर, डावा खाली, अंगठा मुठीत.

"अशे ठेयत," ती म्हणाली. "बस चलवन इले की अशेच बसत. चाय गार होयसर. काढ."

तनयाने चार दिवस दुपारी बसून ते हात काढले. ठेवण सगुणची होती, पण बोटे सुमंगलाची उतरली. काजूच्या टरफलांच्या तेलाने काळवंडलेली, नखांपाशी सोललेली. ती तनयाच्या लक्षात आली आणि तिने ती बदलली नाहीत. सुमंगलाने पाहिले, आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि ती उठून चहा ठेवायला गेली.

एप्रिलमध्ये तनया परत गेली, तेच वर्ष पुन्हा करायला. मला ती इथेच ठेवून गेली. तिथे तिचे कसे चालले आहे, ते मला कळत नाही. रविवारी फोन येतो तेव्हा ती फार बोलत नाही. पण परवा सुमंगलाने विचारले, "काय काढतंस?" तर तनया म्हणाली, "काय जमणा नाय, आई." निदान खोटे सांगितले नाही.

आणि आता चवथ जवळ आली आहे. सगुणची बहीण सुलोचना काल भिंती रंगवायचे ठरवायला आली होती. गणपती बसतो त्याच ओटीवर मेलेल्या माणसाचा एवढा मोठा चेहरा बरा दिसत नाही, असे तिचे म्हणणे. "पावणे येतले वयनी," ती म्हणाली. "घडी घालून माळ्यार दवर." सुमंगला "बघूया" म्हणाली आणि कामावर गेली.

म्हणून मी तुम्हाला विनवते आहे, मित्रांनो. नार्व्याला आलात तर घाडींच्या घरी या आणि माझ्यासाठी दोन शब्द बोला. कुणाच्या घामाची वस्तू हाती आली तर आधी त्या माणसाला विचारा, मग ती लोकांपुढे मांडा. भिंत ओली असेल तर मला उन्हाच्या खोलीत हलवा. ओटीवर नको असेन तर गुंडाळून कोपऱ्यात उभी करा. उंदीर, बुरशी, अंधार, हे सगळे मी आधी सोसले आहे, पुन्हा सोसेन.

फक्त घडी घालू नका. घडी घातली तर ती बरोबर त्याच्या डोळ्यांवरून जाते.